नऊ थांबे

तुझा तंबू पहिल्यांदाच माझ्या पाठीवर, ओइवा.
अकरा उन्हाळे तू जात राहिलास
आणि मी दारातून म्हणत राहिले,
डासांना रक्त पाजायची हौस तुलाच, जा,
तुझ्या त्या चिंधीला घेऊन जा.
चिंधीच. रिएपू.
फरशी पुसायच्या फडक्यात झोपलेलं पिल्लू,
नाव शोधायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीस.

शेजारची लेम्पी म्हणाली, कुत्रा देऊन टाक कुणाला.
मी नकाशा घेतला, काडेपेटी घेतली, निघाले.

नकाशाची घडी उलगडलीच नाही.
रिएपू पुढे, शेपटी वर,
दलदलीतल्या फळ्यांवरून
नेमकी तिसरी फळी ओलांडून गेला.
मी ओलांडली नाही.
बूट काठोकाठ भरला.

वाकड्या बर्चपाशी थांबून त्याने माझ्या खिशाकडे बघितलं.
बराच वेळ बघितलं.
म्हणजे इथे सॉसेज मिळायचं तर,
डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं तरी.

मग चढ.
चढ कसला, टेकाडच ते,
शाळेतली पोरं धावत जातील.
वीसेक पावलं गेला आणि बसला.
म्हटलं, म्हातारा झाला बिचारा.
पुन्हा वीस पावलं, पुन्हा बसला.
जीभ बाहेर नाही, धाप नाही,
तोंड माझ्याकडे वळवून,
मागून येणाऱ्यासाठी कुणी फाटक धरून उभं राहावं
तसा.

नऊ वेळा.
नवव्या वेळी मीही बसले, दगडावर,
पाय दुखत नव्हते तरी.

एका उन्हाळ्यात नाही शिकत कुत्रा हे.
मला तू सांगितलंस फेब्रुवारीत,
अंगणातला बर्फ ओढता ओढता,
गाडीचं टायर बदलायला झालंय अशा आवाजात.

तंबू रागातच ठोकला. खुंट्या वाकड्या गेल्या.
एक दोरी उरली, ती कुठली ते अजून कळलेलं नाही.
कॉफी उतू गेली, निखारे चरचरले.
रात्रीचे साडेबारा, आणि ऊन तळ्यावर आडवं पडलेलं,
जायचं नाव नाही.
तुला जे जे बोलायचं होतं ते मी तळ्याला बोलून घेतलं.
पलीकडून एक बदक उडालं, तेवढंच.

रिएपू आत शिरला, तीन गिरक्या घेतल्या,
आणि उजवी बाजू मोकळी सोडून पडला.
ती तुझी जागा.
मी तिथे झोपले.
ओल्या लोकरीचा वास, आणि पहाटेपर्यंत
पाठीला टेकलेली एक पाठ.

उतरताना तो कुठेच थांबला नाही.
मी थांबले, मोजून.
परत आला प्रत्येक वेळी, शेजारी बसला,
काही विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी खिशात सॉसेज घेईन.
डॉक्टरीणबाईंना सांगायचं नाही.
न सांगता कसं राहायचं,
ते तर तुम्हा दोघांकडूनच शिकले.