बाराशे पन्नास

पाडवा झाला की कुल्फीची गाडी
गोठ्याशेजारी टिनाखाली लागते.
गुणवंता चाकांना विटा लावतो,
फ्रीजरच्या झाकणात चिंधीचा बोळा अडकवतो,
आत वास कोंडू नये म्हणून.
मग बॅटऱ्या.
आधी काळी वायर काढायची, मग लाल,
हे तो मला दरवर्षी सांगतो,
जशी मागच्या साली मी दुसऱ्याच गावात होते.

वायरमन तोडासे आणि तो, दोघं मिळून
एकेक बॅटरी आतल्या खोलीत आणतात.
खाली सागाची फळी.
टोकांवरची हिरवी-पांढरी बुरशी
सोड्याच्या पाण्यानं धुवून
व्हॅसलीनचं बोट फिरवायचं.
त्याच डबीतलं मी ओठांना लावते.

दुसऱ्या दिवशी तो आदिलाबादच्या जिनिंगवर.
पैनगंगा ओलांडली की चार महिने कापसाचा.
मागे चार्जर, रबरी फुग्याची काचेची नळी,
आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन,
त्यावर खिळ्यानं कोरलेलं: पिऊ नये.

संध्याकाळी लावून उपयोग नाही.
साऱ्या शिवारात हरभऱ्याला पाणी सुरू असतं,
बल्ब हळद लावल्यासारखा.
अकरा वाजतात, बाराही वाजतात.
बल्ब पांढरा झाला की मी उठते,
चार्जरची कळ दाबते.
खिडकी उघडी ठेवावी लागते, कितीही गारठा असो.
बॅटरी पोटातल्या पोटात फसफसते,
शिळ्या ताकाच्या मडक्यासारखी,
आणि खोलीला आंबट, लोखंडी वास येतो.
मामंजी विडी घेऊन दाराशी येतात.
"इथं नाही," म्हणते, "शेकोटीपाशी जा."
"मायाच घरात?" म्हणतात,
आणि जातात.

पाणी चार्जिंगनंतर घालायचं, आधी नाही.
हे मी एका हिवाळ्यात चुकून शिकले.
माझ्या हिरव्या लुगड्याला अजून भोकं आहेत,
जोंधळ्याच्या दाण्याएवढी.

रविवारी फोन येतो.
मागे यंत्राचा धडधडाट.
"सांग."
"बाराशे पन्नास. पन्नास. पंचेचाळीस.
पन्नास. पन्नास. चाळीस."
गाठीच्या चिठ्ठीमागे तो लिहून घेतो,
पेन अडकतो तेव्हा थांबतो.
"दुसरीचे सांग."
दुसरीचा तिसरा डबा संक्रांतीपासून खाली बसतोय.
रात्रभर लावा, दोन रात्री लावा,
काचेतली कांडी वर यायला तयार नाही.
अकराशे ऐंशी.
"बाराशे तीस," मी म्हणते.
तिकडे यंत्र चालू राहतं.
"तीस का?"
"हाव."
"थंडी हाय म्हणून असंन."
"असंन."
मग तो खोकतो, फोन बाजूला धरून,
म्हणजे मला ऐकू जात नाही असं त्याला वाटतं.
"काहून खोकून राह्यले?"
"काही नाही. रुई उडते थोडी.
पाणी बघत जा,
प्लेटी उघड्या पडू देऊ नको."

एवढंच बोलतो आम्ही. दर रविवारी बारा आकडे.
पोरीच्या परीक्षेचं तोडासेनं सांगितलं त्याला.

शिवरात्रीच्या आधी आठ दिवस तो आला.
केसांत, भुवयांत, कानांच्या वळणांत पांढरं.
हात धुवून थेट आतल्या खोलीत,
नळी घेतली, फुगा दाबला,
एकेक डबा उन्हाकडे धरून पाहिला.
दुसरीच्या तिसऱ्याशी जरा जास्त वेळ.
मी दारात सुपात तांदूळ निवडत होते,
एकच खडा तीनदा निवडला.

तो काही म्हणाला नाही.
झाकण बसवलं,
खोकला आला तो खोकला, या खेपेला तोंड न फिरवता.
मग तोडासेला हाक मारली.
जोडताना आधी लाल, मग काळी.
फ्रीजर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला.
पोरीनं स्टीलच्या पेल्यात पाणी भरून आत ठेवलं,
दरवर्षी ठेवते तसं.

दिवेलागणीला तिघांनी झाकण उघडलं.
कडेकडेनं जमलं होतं.
मधे पाणी.
गुणवंतानं बोट बुडवलं.
"सकाळी पाहू," म्हणाला.