ठसका

नंदुरबारला जानेवारीत मिरचीचा वारा सुटतो.
पथारींवरून उठतो, रेल्वेफाटक ओलांडतो,
दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर जाळीतून आत येतो
आणि वॉर्डबॉय, वॉचमन, पाच नंबरच्या म्हाताऱ्याची सून
एकामागोमाग ठसकतात.
आई नाही.
आईच्या घशात नळी आहे.
मिनिटाला चौदा श्वास, यंत्राने मोजून दिलेले.

डॉक्टर भोळे कागद ठेवून गेले.
म्हणाले, घाई नाही. मग घड्याळ बघितलं.

थिओफिल सुरतहून फोनवर:
ताई, आपण ख्रिस्ती माणसं.
सहावी आज्ञा तूच पाठ करून घेतलीस माझ्याकडून,
चुकलो की कान पिळायचीस.
प्राण देणारा तो, नेणारा तो,
मधे आपला हात कशाला?
मी म्हटलं, मग ही नळी कोणाचा हात आहे रे?
तो बोलला नाही. मागे माग चालू होते.

पाळक आले नवापूरच्या बसने,
पिशवीत प्रभुभोजनाचा छोटा पेला.
खाटेजवळ आल्यावर त्यांच्या लक्षात आलं,
हिला गिळता येत नाही.
पेला पिशवीतच राहिला.
जिन्यात म्हणाले, माझ्याकडून उत्तर मागू नकोस, बाई.
बापाला मी दोन महिने असंच लांबवलं.
ते प्रेम होतं की भीती,
अजून गुडघे टेकले की तेच विचारतो.

आई सदतीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स.
रात्री-अपरात्री रंगावलीपलीकडे बाळंतपणाला जायची,
कंदील धरायला मी.
एका घरी मुलगी जन्मली,
कपाळाच्या वर काहीच नसलेली.
आजी कुजबुजली, बाई,
चिमूटभर मीठ टाकी दे, सुटी जाई बिचारी.
आईने मिठाचा डबा उचलून
सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.
बाळ पुसलं. टोपी घातली, भुवयांपर्यंत ओढून.
चमच्याने दूध ओठाला लावलं,
गिळलं नाही, पुन्हा लावलं नाही.
कोणी जीप आणली, धुळ्याला न्या म्हणाले.
आई म्हणाली, रस्त्यात नको.
तीन तास वीस मिनिटं पदराखाली.
मग वही उघडून बापाला विचारलं, नाव काय लिहू?
नाव कशाला आता, तो म्हणाला.
आई पेन उघडं धरून बसून राहिली.
हिराई, तो म्हणाला. मग रडला.

परतताना मी विचारलं, मी अकरा वर्षांची,
मिठाने तिचे तीन तास वाचले नसते का?
आई म्हणाली, पाहुणी होती ती.
पाहुणीला धक्का द्यायचा नसतो,
निघाली तर दार अडवायचं नसतं.
नदीत गुडघाभर पाणी होतं, चप्पल हातात,
मी पुढे काही विचारलं नाही.
विचारायला हवं होतं:
पाहुणी निघालीय हे ओळखायचं कसं?
आणि आपण दमलो म्हणून
तीच निघालीय असं वाटत असेल तर?

नव्या बिलाचा आकडा मला पाठ आहे.
सही करताना तो डोक्यात नव्हता
असं मी कोणापुढेही सांगू शकेन,
एकाला सोडून.

रुग्णाशी नातं: मुलगी.
रविवारी चार वाजता नळी काढली.
यंत्र थांबल्यावर कळलं
किती आवाज करत होतं ते.
आई श्वास घेत राहिली, आपला आपण,
मोजून न दिलेला, कधी लहान कधी मोठा.
थिओफिल उधन्यापर्यंत आला होता.

साडेपाचला वारा फिरला.
वॉर्डबॉय ठसकला, सून ठसकली, मी ठसकले,
आणि आई ठसकली.
एकदाच.
डॉक्टर म्हणाले, याचा तसा काही अर्थ नसतो.
मी तिच्या खांद्याखाली हात घातला,
पाठीवरून फिरवत राहिले,
कोणालाही ठसका लागला की आपण म्हणतो
तेच तोंडात आलं,
वर बघ, आई,
वर बघ.