ढला दहा गुण

दुपारी हळदीचे सौदे उरकले की
सांगलीच्या मार्केट यार्डात वजनकाटा गार पडतो,
आणि शमशाद मुजावर टपरीतनं
भडंगाचा रिकामा डबा घेऊन येतो.
आत पुठ्ठ्याचे एकशेचार तुकडे.
काना वेगळा, वेलांटी वेगळी, मात्रा वेगळी,
कोपऱ्यात बारीक आकड्यात गुण.

खेळ रमणचा. रमण पाटोळे, पोती शिवायचा.
दाभणानं अक्षरं टोचून भाव त्यानंच ठरवले:
मला एक, रला एक, णला पाच,
ळला आठ,
ढला दहा.
"जे लवकर कुठं खपत न्हाई, त्येला दर जास्त."
मला बेडगे मास्तर सात वर्षं ढ म्हणत होते.
दहा गुणांचा होतो,
वर्गात कुणाला पत्ता नव्हता.

शब्द शोधायचा नाही, म्हणायचा,
अक्षरं पाखडायची.
कान पाखडला की नाक पडतं.
गरज पाखडली की गजर, खबर पाखडली की बखर.
दगड पाखडला तर गडद होतो, बघ.
चहा तर नुसता हलवला तरी हाच.
एकदा माझ्या हातात कविता आली,
त्यानं खांद्यावरून वाकून ती विकता केली.
काय विकता?
हळद.
हळद मात्र हलत नाही. किती पाखडा,
सुपात हळदच.

लढा आणि ढाल, अक्षरं तीच,
पण ढ दुप्पट गुणांच्या घरात बसवायचा
तर कधी लढा लागतो, कधी ढाल.
हे गणित मला जमेपर्यंत
मी त्याला साडेसहा किलो भडंग हरलो.

आज डब्याचा तळ दिसतोय.
शमशाद सदतीसनं पुढं.
माझ्यापुढं चार तुकडे: म, र, ण, ळ.
मळ झाला असता, नऊ गुणांचा.
मी मरण लावलं.
बोट वरच ठेवलं जरा वेळ.
मग म उचलला, र उचलला,
अदलाबदल केली.
ण जागचा हलला नाही. गुणही तेवढेच.

शमशाद पटाकडं बघत राहिला.
पलीकडं हमाल पोत्यावर आडवा, तोंडावर टॉवेल.
"विशेषनाम चालत न्हाई," शमशाद म्हणाला.
"त्येनंच नेम केलाता."
कानावरचं पेन काढून सात लिहिले
आणि दूध उतू जातंय म्हणत टपरीकडं पळाला.
वास काही आला नव्हता.

माझ्या हातात ळ.
याच्यापासून शब्द सुरू होत नाही,
कुणाच्या तरी मागंच बसवायचा असतो.
वजा आठ.