आवाजापुरता घोडा

रबाळ्याच्या कारखान्यात नवं मशीन बसत होतं,
निम्मी खोकी अजून खिळ्यांत.
दोन भाषांच्या मध्ये मी उभी,
रोजंदारीवरची जीभ.

काओ साहेब फोन घेऊन बाहेर गेले,
परतले ते कान चोळत.
म्हणाले, माझी बायको म्हणजे मू लाओहू.
मी म्हटलं, वाघीण.

हरेश्वर म्हात्रेंनी पाना खाली ठेवला.
"नशीब काढलं की साहेबांनी!
आमची आय तशीच होती.
खाडीत एकटी जायची, होडी घेऊन."
एकानं तर चहा पुढं केला,
अभिनंदनाचा.

काओ माझ्याकडं बघत राहिले.
त्यांना कुणीतरी हसायला हवं होतं.
तिकडची वाघीण कजाग,
नवऱ्याच्या मानेवर बसलेली.
जनावर मी आख्खं आणलं होतं पलीकडून,
वाटेत पट्टे बदलले.
दुरुस्त करता आलं असतं.
नाही केलं.
शेनयांगमधली एक बाई त्या दुपारी
तिच्या नकळत रबाळ्यात मोठी झाली.

डबा खाताना मी त्यांना आपली जनावरं सांगितली.
घरात बसणारा तो घरकोंबडा,
मान डोलावणारा नंदीबैल,
बाई मात्र गरीब गाय, नाहीतर नागीण.
मधलं काही मला पटकन आठवेना.
ते म्हणाले, आमच्यात
कोंबड्याला दिली तर कोंबड्यामागं जायचं,
कुत्र्याला दिली तर कुत्र्यामागं.
आमच्यात नुसतं 'दिल्या घरी'.
जनावराचं नाव घेत नाही आम्ही.

वाशीला दारूवाला बाईंच्या शिकवणीत
पहिल्याच आठवड्यात आई शिकले.
डावीकडं बाई, उजवीकडं घोडा.
घोडा कशाला?
अर्थाला नाही गं, बाई म्हणाल्या,
आवाजापुरता.
त्याच्याकडं बघू नकोस.

मी बघितलं.
दिघ्याची चाळ, मी बारा वर्षांची.
"घोडी झालीस एवढी, ओढणी घे,"
असं दारातून म्हणत
आई रात्रपाळीला निघालेली,
औषधांच्या कंपनीत, गोळ्या मोजायला.
लोखंडी जिना,
तिच्या चपला,
आणि मग खालच्या फरशीवर बराच वेळ
आवाजापुरती आई.

दारूवाला बाईंनी जुनी लिपी शिकवली.
तीत घोड्याला पोटाखाली चार ठिपके असतात, चार पाय.
नव्या लिपीत ते गाळून
एकच आडवी रेघ मारतात.
काओ माझ्या वहीत डोकावून म्हणतात,
असं आता कुणी लिहीत नाही, वेळ जातो.

जाऊ दे.
मी चारही काढते.