वेळ राखणारा

किसुमूच्या सभागृहात अकरा वर्षं
घंटी माझ्याच हातात आहे.
पितळी, मुठीएवढी. दर माणशी तीन मिनिटं,
मग टण्ण.
होडीवाले, मोटरसायकलवाले, चर्चचे पाद्री,
कचऱ्याच्या ठेकेदाराचा मेहुणा,
सगळ्यांना अर्ध्या वाक्यात गप्प केलंय मी.
घंटी सर्वांना सारखी,
हे घरी जेवताना अभिमानानं सांगायचो.

मग आपोंदी ओग्वेनो आली.
सरोवराकाठी सुकी ओमेना विकते,
बाहीला खवले चिकटलेले, चांदीच्या टिकल्यांसारखे.
मान एका बाजूला झुकते, हात आपल्या मनानं उडतात,
आणि शब्द?
ओलं जाळं एकटीनं काठावर ओढावं तसे:
थांबून, पुन्हा पकड घेऊन, पुन्हा थांबून.
पण येतात. आणि जाळं रिकामं नसतं.

व्यासपीठाला चार पायऱ्या, म्हणून ती खालीच राहिली.
शिपायानं माइक धरला,
सवयीनं, स्वतःच्याच तोंडाजवळ.

“अध्यक्ष महोदय... कलम... सात...”
एक मिनिट.
“पोटकलम... ग... प्रत्येक... सार्वजनिक...”
दोन.
मागे कुणी घसा खाकरला.
एका सभासदानं फोनमध्ये डोकं घातलं.
पुढच्या बाकावरची बाई तिचं वाक्य
तिच्यासाठी पुरं करू लागली,
चुकीचं.
“...इमारतीत...”
टण्ण.

इतिवृत्तात मी लिहिलं:
आ. ओग्वेनो इमारतीबाबत बोलल्या. वेळ संपला.

उतार आहे, तसा. मागच्या अंगाला, स्वयंपाकघराशी,
त्यावर सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट.
फायलीत तो पूर्ण आहे, दोन हप्ते चुकते झालेत.
आमच्या कागदी घोड्यांना
पायऱ्या बऱ्या चढता येतात.

पुढल्या महिन्यात ती पुन्हा आली.
मला वाटलं, उताराचंच उरलेलं अर्धं वाक्य आणलं असेल.

“मागचा... मजकूर... तुम्हाला... पन्नास सेकंद.
मला... साडेसहा मिनिटं.
मी... मोजलंय.
कायद्यात... वाजवी सोय... असा शब्द... आहे.
ही घंटी... पण... पायरीच.”

टण्ण.
आणि ती हसली.
तीन मिनिटांत मावेल एवढंच
मापून आणलं होतं तिनं.
सभागृहात पंखा तेवढा बोलत होता.
अध्यक्षांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
विषय उपसमितीकडे.

संध्याकाळी मी बाजारात गेलो.
हळूच म्हणालो, पुढच्या खेपेला उशिरा वाजवतो,
कुणाच्या लक्षातही येणार नाही.
तिनं डब्याचं माप भरलं, तळव्यानं सपाट केलं,
हाताला झटका बसला, मूठभर मासळी सांडली.
वेचायला वाकलो तर नजरेनंच थांबवलं.
एकेक करून तिनंच वेचली.
मी उभा. मनगटाकडे न बघता
वाट पाहायची मला सवय नाही.

“तू... निवृत्त... कधी?”
जूनमध्ये, म्हणालो.
“मग... जुलैपासून... मी...
कुणाच्या... मेहेरबानीवर?”
पुडी बांधून हातात दिली. पैसे मोजून घेतले.
“कलमात... लिही.”

रात्री दुरुस्तीचा मसुदा लिहायला बसलो.
‘ज्या वक्त्यास बोलण्यास अधिक अवधी लागतो,
त्यास’
आणि तिथेच अडलो.
दुप्पट? तिप्पट? की लागेल तेवढा?
कोण ठरवणार, कुठला दाखला मागून?
अकरा वर्षं वेळ राखतोय,
आणि वेळेबद्दल एवढंही ठाऊक नाही.
बायको म्हणाली, टाक काहीतरी आकडा, झोप.

आकडा टाकला नाही.
जागा कोरी ठेवून, कागद घडी करून,
उजाडताच काठावर गेलो.
ओमेना अजून पसरायची होती.
ती म्हणाली, “बस.”
मी एका पालथ्या बादलीवर बसलो,
पेनाचं टोपण काढून.