भिंतीच्या आत

करड्या पडद्यावर एक काळी फांदी,
मधेच दोऱ्याएवढी झालेली.
डॉक्टर मुतसिम तिथे पेन टेकवतो :
"बघ, शमसुद्दीन."

मी लगेच ओळखतो.
सव्वीस वर्षं जुबैलच्या प्लांटवर
समुद्र उकळून गोडं पाणी काढणाऱ्या
नळ्या उघडून बघतोय.
आधी राखेसारखा थर,
मग अंड्याच्या टरफलासारखा,
मग छिन्नीलाही दाद देत नाही.
आम्ही आम्ल सोडतो, रबरी गोळे फिरवतो,
बोट फिरवून खात्री करतो.

"तसंच करा," मी म्हणतो, "धुऊन टाका."

तो हसत नाही.
सुदानचा माणूस, हिंदी त्याला पेशंटांनीच शिकवलेली.
म्हणतो, तुझ्या नळीत थर वरून बसतो.
हा भिंतीच्या आत आहे.

अस्तर कुठेतरी दुखावतं,
दाबानं, सिगारेटच्या धुरानं, साखरेनं,
आणि चरबीचे कण त्याखाली शिरतात.
तिथे खवट होतात,
पावसाळ्यात विसरलेल्या खोबऱ्यासारखे.
मग पांढऱ्या पेशी येतात साफसफाईला.
खातात. खातच राहतात.
फुगतात, आतून फेसाळतात,
निघायचं राहून जातं,
आणि तिथेच मरतात, खाल्लेल्यासकट.
वरून शरीर एक झाकण घालतं.
पुढे चुनाही धरतो.

"कधीपासून?"
"सुरुवात विशीतच होते."

विशीत मी बाणकोटला
मामाच्या होडीत जाळं ओढत होतो.
इथे आलो तो दोन वर्षांच्या करारावर,
टाक्या साफ करायला.

खोलीतला जैनू परकार गेल्या साली
फजरला उठलाच नाही.
आदल्या रात्री म्हणाला होता, गॅस झालाय,
आणि सोडा पिऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.
त्याच्या खाटेखाली निघाले
दुधाच्या पावडरचे सात डबे,
एक झुंबर, खोक्यातलं,
आणि तिकिटाची तारीख तीनदा बदललेला कागद.

उद्या जाळी बसवणार.
रात्री जुलेखाचा फोन.
"काय निघालं?"
"काही नाही. नळी जरा अरुंद झालीय."
"तुमच्या प्लांटची?"
"हो," मी म्हणतो.
मग ती छपराचं सांगते, धाकट्याच्या फीचं,
सुरमई काय भाव झाली ते.
मग दोघंही गप्प.
फोनमध्ये तिच्या पंख्याचा आवाज.

झाकण जाड असलेलं बरं,
डॉक्टर म्हणाला होता.
पातळ असतं तेच फुटतं.