पडणारीची नोंदवही

सकाळी मी कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये रक्त काढते,
संध्याकाळी रबाळ्याच्या शेडमध्ये पडते.
दोन्ही कामांना अंग सैल लागतं.
ज्युदोत पडणाऱ्याला उके म्हणतात.
दर्शना मढवी फेकते, मी उके.
अडीच वर्षांत किती वेळा पडले, मोजलं नाही,
पण तिचं वजन मला काट्याआधी कळतं.

मे महिना. वर पत्रा, खाली मॅट,
मध्ये आम्ही, दोन्हीकडून भाजत.
दाराशी एका औषध कंपनीचं थर्मामीटर,
पारा एकोणचाळीसवर,
शेजारी पाल, तीही हलत नाही.
खिडकीत पारसिकचा डोंगर करपलेला.

बावन्न किलोत बसायचं होतं.
स्पर्धेला नऊ दिवस, अंगावर साडेतीन किलो जास्त.
गीच्या आत प्लास्टिकचं जॅकेट,
बाहीतून घामाची धार,
पाणी तोंडात फिरवायचं आणि थुंकायचं.
तांडेल सर म्हणाले, "घाम म्हणजे पैसा, पोरी."
मी ऐकलं. काही बोलले नाही.
हेही इथं लिहून ठेवते.

चौथ्या दिवशी तिनं मला उचललं
आणि अर्ध्यातच सोडलं,
रहाटाचा दोर हातातून निसटावा तसं.
"मांड्या दगड झाल्यात गं," म्हणाली. हसलीसुद्धा.
मग बाथरूममधून हाक:
"इकडे ये. हा रंग बघ."
काळ्या चहाचा रंग.

जो हात माझी कॉलर धरतो
त्याच हातावर मी रबर बांधलं.
शीर आत जाऊन बसली होती, रुसल्यासारखी.
मशीननं दिलेला आकडा मी दोनदा चालवून पाहिला.
सीके, चौदा हजार सहाशे.
दोनशेच्या आत हवा.

आकडा म्हणजे एवढंच:
स्नायूंच्या भिंतींना भेगा गेल्या,
आतलं सामान रस्त्यावर आलं.
फेकाफेकीत भेगा पडतातच, रोजच्या,
रात्रीतून लिंपल्या जातात.
यावेळी लिंपायला ओलावाच नव्हता,
तो आम्ही जॅकेटात पिळून काढला होता.

मग दाह.
पांढऱ्या पेशी धावून आल्या,
आग लागलेल्या घरात शेजारी शिरतात तशा:
दार तोडलं, कपाट फोडलं,
गाद्या भिजवल्या, आरडाओरड केली.
त्या आल्या नसत्या तर?
पण आल्यावर मांडी अशी सुजली
की तिला सलवार फाडून काढावी लागली.

तिची आई घणसोलीच्या बाजारातून थेट आली,
पाटीतला बर्फ रुमालात बांधून.
वॉर्डभर बोंबलाचा वास. सिस्टर ओरडली.
आईनं लक्षच दिलं नाही,
"ऊन आंगान शिरलं काय गो?" एवढंच विचारलं,
आणि सलाईन लावणारे डॉक्टर मान न वळवता म्हणाले,
"हो मावशी. तसंच."

पाच आठवड्यांनी फिजिओ म्हणाली, आता शेक द्या.
मला रागच आला. शेक?
"किती गरम?"
"हाताला सोसेल इतकं."
तव्यावर मीठ तापवून आईनं पुरचुंडी बांधली,
आधी स्वतःच्या मनगटाला लावली, मग लेकीच्या मांडीला.
दर्शना झोपली, तोंड उघडं टाकून.
हे माप शेडमध्ये कुणालाच माहीत नव्हतं,
मलाही नाही, आणि मी तर लॅबमधली.

सराव आता पहाटे साडेपाचला.
दाराशी माठ आहे, ग्लास साखळीनं बांधलेला.
ती सत्तावन्नात खेळणार म्हणते.
सरांनी ते जॅकेट टाकलेलं नाही,
घडी करून कपाटात ठेवलंय. मी पाहिलंय.

आज तिनं पहिल्यांदा फेकलं.
हळू, जरा घाबरत,
शेवटच्या क्षणी माझी बाही धरून ठेवत.
मॅट गार होती.
मी उठायला थोडा वेळ घेतला.